मुक्त शिक्षणाची वाटचाल : टपालापासून मोबाईलपर्यंत



दहावीचा निकाल लागल्यावर एके दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. खिशातील मोबाईल काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, ह्यात म्हणे अमेरिकेच्या विद्यापीठाचे शिक्षण फुकट मिळते. मग कॉलेजात पैसे कशाला घालवायचे? पोराला दिवसा दुकानावर बसवतो, रात्री मोबाईलवर शिकेल. तुमचे काय म्हणणे?" मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याला चांगले गुण पडले होते आणि त्याला पुढे शिकायचे होते, हे मला ठाऊक होते.

मी त्यांना एवढेच म्हणालो, "आधी प्रवेश घ्या, मग मोबाईलचे बघू." त्यांचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. कारण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या घरात फीचा एकेक रुपया मोजून द्यावा लागतो, त्या घराने असा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. हे फुकट शिक्षण आले कोठून, त्याचा खर्च कोण सोसतो, आजवर किती जणांना ते शेवटपर्यंत नेता आले, याचा शोध इतिहासाच्या शिक्षकाने घ्यायला हवा असे मला वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहस्थांना सावकाशीने दिलेले उत्तर आहे.

टपालाचे युग

घरी बसून शिकण्याची कल्पना मोबाईलबरोबर जन्माला आली, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठविण्याची सोय झाली आणि त्याच साली आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखनाची पद्धत टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी स्वाध्याय लिहून पाठवीत आणि पिटमन ते तपासून परत धाडीत. टायपिंग आणि शॉर्टहँडच्या क्लासला गेलेल्या आपल्याकडील जुन्या मंडळींना पिटमन हे नाव तोंडपाठ असते. पण हे गृहस्थ पत्रद्वारा शिक्षणाचे एक आद्य शिक्षक होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने एक मोठे पाऊल टाकले. संलग्न महाविद्यालयात न शिकताही कोणीही परीक्षेस बसावे आणि उत्तीर्ण झाल्यास पदवी घ्यावी, अशी मुभा त्याने दिली. कोठे शिकलात हे विचारायचे नाही, काय शिकलात तेवढे तपासायचे, हे तत्त्व त्या काळी नवीनच होते. दक्षिण आफ्रिकेचे नेते नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावरील तुरुंगात असताना याच विद्यापीठाचा कायद्याचा अभ्यास चालविला होता. तेथे त्यांना अनेक अडथळे आले. अखेर त्यांच्याच देशातील दूरशिक्षण देणाऱ्या दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांना १९८९ साली मिळाली. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते आणि ते अद्याप बंदिवानच होते.

तुरुंगाच्या भिंतीआड जाणारे शिक्षण किती मोलाचे असते, हे या उदाहरणावरून दिसते. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुस्तक टपालाने आले तरी चिकाटी टपालाने येत नाही.

घरोघरी विद्यापीठ

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे इंग्लंडचे मुक्त विद्यापीठ. १९६३ साली मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे ते पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या मंत्रिणीने ती नेटाने तडीस नेली. १९६९ साली विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग सुरू झाला. प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नव्हती. गृहिणी, कामगार, कारकून, सैनिक असे सर्व थरांतले लोक त्यात होते. बी.बी.सी.वर पहाटे आणि रात्री उशिरा पाठ दाखविले जात.

येथे वाचकांनी एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे. या विद्यापीठाचे नाव झाले ते दूरचित्रवाणीमुळे, पण ते टिकले ते दुसऱ्याच गोष्टींमुळे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असे. गावोगावी अभ्यासकेंद्रे असत, उन्हाळ्यात निवासी वर्ग भरत आणि स्वाध्याय तपासून, शेरे लिहून परत येत. तात्पर्य, पडद्यावरचा पाठ हे त्या शिक्षणाचे एक अंग होते. पाठीवर हात ठेवणारा माणूस हे दुसरे अंग होते आणि ते अधिक महत्त्वाचे होते.

आपल्या देशातील प्रयत्न

आपला देशही मागे नव्हता. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तसा विभाग उघडला. आंध्र प्रदेशात १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होते. शेतकरी, परिचारिका, यंत्रमागावरचा कामगार, लग्नानंतर शिक्षण सुटलेली भगिनी अशा साऱ्यांना मराठीतून पदवी घेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. १९९८ साली हैदराबाद येथे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. त्याचाही आरंभ दूरशिक्षणानेच झाला. आपल्यापैकी कित्येक घरांत या संस्थांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत.

दूरचित्रवाणीचा प्रयोगही आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शालेय शिक्षणाचे कार्यक्रम दाखविले गेले. जेथे धड रस्ता नव्हता तेथे दूरचित्रवाणी संच पोहोचला. पण उपग्रह उसना होता. वर्ष संपले, त्याची जागा हलविण्यात आली आणि प्रयोगही थांबला. त्यातून आपल्या शास्त्रज्ञांना अनुभव मिळाला हे खरे. तथापि दुसऱ्याच्या साधनावर उभारलेली शाळा ते साधन परत जाताच बंद पडते, हा धडाही त्यात होता. आपला स्वतःचा उपग्रह आल्यानंतर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर देशभर दिसू लागले.

मी स्वतः याच मुक्त शिक्षणाच्या वाटेने पदवीधर झालो आहे. बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे दिवसभर मामांच्या दुकानात उभे राहावे लागे. बी.ए.चा अभ्यास रात्री आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर होई. तेथील एक वयस्क शिक्षक हजेरीचे रजिस्टर ठेवीत. सलग दोन रविवार मी गेलो नाही, तेव्हा त्यांचा दुकानावर फोन आला, "काय रे, आजारी आहेस का?" मी आजारी नव्हतो, कंटाळलो होतो. पण तिसऱ्या रविवारी गेलो. तो फोन आला नसता तर आज हा लेख मी लिहीत नसतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ज्ञान वाटून टाकण्याचा निर्णय

आता इंटरनेटकडे वळू. १९९९-२००० च्या सुमारास अमेरिकेतील मोठमोठी विद्यापीठे इंटरनेटवरून शिक्षण विकून पैसा कसा मिळेल याचा विचार करीत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने 'फॅदम' नावाची कंपनीच काढली. ती २००३ साली बंद पडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एम.आय.टी. या जगप्रसिद्ध संस्थेनेही एक समिती नेमली होती. या धंद्यात फायदा नाही असा त्या समितीचा हिशेब निघाला आणि तिने उलटच सल्ला दिला, की विकता येत नसेल तर सरळ वाटून टाका.

संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी ४ एप्रिल २००१ रोजी ही घोषणा केली. संस्थेतील सर्व अभ्यासक्रमांच्या टिपणी, स्वाध्याय आणि प्रश्नपत्रिका जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येतील, असे त्यांनी जाहीर केले. २००२ साली ५० अभ्यासक्रमांनी आरंभ झाला आणि २००७ पर्यंत ही संख्या १,८०० वर गेली. आज ती अडीच हजारांच्या वर आहे. मात्र संस्थेने एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट केली होती. येथे पाठ्यसाहित्य मिळेल, पदवी मिळणार नाही आणि शिक्षकही मिळणार नाही.

२००२ सालच्या जुलैत युनेस्कोने पॅरिस येथे भरविलेल्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधने' हे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने प्रसिद्ध झाले. त्यांचे महत्त्व पालकांनी आणि विशेषतः शिक्षक बंधूंनी समजून घ्यावे. 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. वाचनालयात बसून पुस्तक वाचू दिले तर ते फुकट झाले. तेच पुस्तक घरी नेण्याची, त्याच्या प्रती काढण्याची, आपल्या भाषेत भाषांतर करण्याची, आपल्या गावची उदाहरणे घालून पुन्हा वाटण्याची परवानगी दिली तर ते मुक्त झाले. फुकट गोष्ट देणारा उद्या परत घेऊ शकतो. मुक्त परवान्याने एकदा दिलेली प्रत परत घेता येत नाही.

भारतात १९९९ साली कल्पना निघून २००३ साली प्रत्यक्षात आलेला 'एन.पी.टी.ई.एल.' हा आय.आय.टी. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा उपक्रम याच काळातला. अभियांत्रिकीचे पाठ त्यातून कोणालाही खुले झाले. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने संगणक शिकविणाऱ्या छोट्या चित्रफिती तयार केल्या. त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे आणि त्या इंटरनेट नसतानाही चालविता येतात. आपल्या विद्यार्थ्यांनी या चित्रफितींचा अवश्य लाभ घ्यावा.

याच सुमारास एक घरगुती प्रसंग घडला आणि त्यातून मोठी संस्था उभी राहिली. अमेरिकेत जन्मलेले सलमान खान हे बंगाली आई-वडिलांचे चिरंजीव. २००४ साली दूरच्या शहरात राहणारी त्यांची मावस-मामे नात्यातील बहीण नादिया गणितात मागे पडली. तिला ते फोनवरून आणि संगणकावरून शिकवू लागले. मग इतर भावंडेही आली. सर्वांना वेळ देणे जमेना म्हणून २००६ साली त्यांनी पाठ ध्वनिचित्रित करून यूट्यूबवर ठेवले आणि २००९ साली नोकरी सोडून याच कामाला वाहून घेतले. तीच आजची 'खान अकॅडमी'. या गोष्टीचा आरंभ यंत्रापासून झाला नाही, आपल्या बहिणीची प्रगती रोज विचारणाऱ्या भावापासून झाला, हे विसरू नये.

'मूक' अभ्यासक्रमांची भरती

पाठ्यसाहित्य झाले, पाठ झाले. आता पूर्ण वर्गच इंटरनेटवर भरावा, ही पुढची पायरी होती. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम चालविला. फी भरलेले विद्यार्थी २५ होते आणि इंटरनेटवरून विनामूल्य सामील झालेले सुमारे २,२०० होते. अशा अभ्यासक्रमाला 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' असे नाव पडले आणि त्याची आद्याक्षरे जुळवून 'मूक' हा शब्द तयार झाला. मराठीत मूक म्हणजे मुका. हा योगायोग पुढे कसा खरा ठरला ते आपण पाहूच.

२०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सर्वांना खुला केला. तब्बल १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. एवढा मोठा वर्ग जगाने पाहिला नव्हता. २०१२ साली एकामागून एक संस्था निघाल्या. थ्रुन यांची 'युडॅसिटी', अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर यांची 'कोर्सेरा', आणि हार्वर्ड व एम.आय.टी. यांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून काढलेली 'एडएक्स' या त्यांतील प्रमुख होत. एडएक्सचे तत्कालीन प्रमुख अनंत अगरवाल हे मंगळूरचे, मद्रास आय.आय.टी.चे विद्यार्थी. आता महाविद्यालयांच्या इमारती ओस पडणार, अशी भाकितेही त्या वर्षी झाली.

एडएक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमाची हकीगत उद्बोधक आहे. विषय विद्युत मंडलांचा होता. नावे नोंदविणारे सुमारे १ लाख ५५ हजार आणि प्रमाणपत्र मिळविणारे ७,१५७. म्हणजे शंभरात पाचही नाहीत. पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या ३४० जणांत मंगोलियाच्या राजधानीतील बट्टुशिग नावाचा १५ वर्षांचा मुलगा होता. पुढे त्याला एम.आय.टी.मध्ये प्रवेशही मिळाला. वृत्तपत्रांनी त्याची गोष्ट जगभर नेली. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम.आय.टी.चे पदवीधर होते. त्यांनी मुलांचा गट करून हा अभ्यासक्रम घेतला आणि प्रत्यक्ष प्रयोग करून घेण्यासाठी बाहेरून मार्गदर्शक बोलावला होता. मोबाईलपुढे एकटा बसून तो मुलगा तेथवर गेला नव्हता.

ओहोटी

भरतीनंतर ओहोटी आली. २०१३ साली अमेरिकेतील सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीच्या साहाय्याने गणिताचे वर्ग इंटरनेटवर घेऊन पाहिले. त्यांत मागे पडलेले आणि गरीब घरचे विद्यार्थी होते. प्रत्यक्ष वर्गाच्या मानाने उत्तीर्णांचे प्रमाण बरेच कमी आले आणि त्या जुलैतच प्रयोग थांबविण्यात आला. ज्यांच्यासाठी ही सोय आहे असे सांगितले गेले, त्यांनाच ती कमी उपयोगी पडली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरील आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतील शंभरापैकी ऐंशीहून अधिक जण आधीच पदवीधर होते. दार सर्वांना उघडले होते, पण आत शिरले ते बहुतेक शिकलेलेच.

एम.आय.टी. आणि हार्वर्ड यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण शंभरात ४६ होते.

या आकड्यांचा विपरीत अर्थ काढू नये. कित्येक जण एखादाच पाठ पाहण्यासाठी येतात आणि हवे ते घेऊन जातात. ग्रंथालयातून पुस्तक आणून एकच प्रकरण वाचणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही. परंतु ज्याला त्या शिक्षणावर पोट भरायचे आहे त्याला एका प्रकरणाने भागत नाही. आणि येथेच 'मूक' हा शब्द खरा ठरतो. लाखाच्या वर्गात शिक्षक बोलतो, पण तुमच्या प्रश्नापुढे मूक राहतो. तुम्ही न आलात तर तुमच्याविषयी कोणी विचारीत नाही.

हा अनुभव मीही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी मी इतिहासाच्या एका विनामूल्य अभ्यासक्रमास नाव घातले. पहिला आठवडा उत्साहाचा होता. दुसऱ्या आठवड्यात सहामाहीच्या उत्तरपत्रिका आल्या आणि चौथ्या आठवड्यात मी तिकडे फिरकलोही नाही. दोष सर्वस्वी माझा होता. पण अभ्यासकेंद्रावरून आला तसा फोन या वेळी आला नाही. पुढच्या वर्षी शाळेतील दोन सहकाऱ्यांबरोबर तोच अभ्यासक्रम घेतला, शनिवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसण्याचे ठरविले आणि तिघांनीही तो पूर्ण केला.

फुकट म्हणजे कोणाच्या खिशातून?

हिशेबाचा एक साधा नियम आहे. घेणाऱ्याला जे फुकट मिळते त्याची किंमत दुसरा कोणी तरी मोजत असतो. मुक्त शिक्षणाचा खर्च आजवर तीन ठिकाणांहून आला. धर्मादाय निधी, सरकार आणि व्यापारी भांडवल ही ती तीन ठिकाणे. एम.आय.टी.च्या उपक्रमाला आरंभी ह्यूलेट आणि मेलन या प्रतिष्ठानांनी पैसा पुरविला. कोर्सेरा आणि युडॅसिटी या भांडवलावर उभारलेल्या कंपन्या होत्या. भांडवलदाराला आज ना उद्या नफा हवा असतो. त्यामुळे जी प्रमाणपत्रे आरंभी विनामूल्य होती त्यांना फी लागली आणि पुढे अनेक ठिकाणी स्वाध्याय तपासून घेण्यासही पैसे पडू लागले. एडएक्स ही संस्था नफ्यासाठी नव्हती, पण २०२१ साली तिचा कारभार ८० कोटी डॉलरना 'टू-यू' या कंपनीला विकला गेला आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. उसन्या उपग्रहाची गोष्ट येथे पुन्हा आठवते.

आपल्या सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी भरावी लागते. त्याचा मोठा गुण असा, की विद्यापीठाने मान्यता दिल्यास त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात. २०१६ च्या नियमांनुसार ही मर्यादा २० टक्के होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही मराठी, उर्दू आणि इतर माध्यमांत संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या घरात पुस्तके उशिरा येतात त्या घराने हे लक्षात ठेवावे.

आपल्या घरातील अडचण

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण एका रात्रीत मोबाईलवर आले. तेव्हा आपले खरे चित्र आपल्याला दिसले. त्यापूर्वी २०१७-१८ साली झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय ग्रामीण भागात शंभरांतील सुमारे १५ आणि शहरात ४२ घरांतच आढळली होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरांतील पाच घरांतही नव्हता. त्या काळात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पन्नास वर्षांपूर्वीचे दूरचित्रवाणीचे साधन पुन्हा कामाला आले. पुस्तके हातात देण्यासाठी घरोघर फिरलेले शिक्षकही मी पाहिले.

माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी त्या दिवसांत तासाला कधीच दिसत नसे. मी घरी गेलो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "सर, फोन भाईजानकडे असतो. ते रात्री दहाला दुकानातून येतात." तिची अम्मी म्हणाली, "दहानंतर मुलीच्या हातात फोन कसा द्यायचा, सर?" दोघींचेही म्हणणे मला समजत होते. शेवटी तोड निघाली. भाईजानने सकाळी सात ते आठ फोन घरी ठेवायचा आणि अम्मीने शेजारी बसून भाजी निवडायची. तेवढ्या एका तासावर त्या मुलीने वर्ष काढले आणि पुढच्या इयत्तेत ती मागे पडली नाही.

आज मोबाईल घरोघर आले आहेत. म्हणून प्रश्न सुटला असे नाही. २०२४ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या, मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी. स्वतःचा मोबाईल शंभरांतील ३६ मुलग्यांकडे आणि २७ मुलींकडे होता. म्हणजे यंत्र आले तरी ते कोणाच्या हाती आणि कशासाठी, हे दोन प्रश्न उरलेच. तिसरा प्रश्न भाषेचा आहे. उत्तम अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्याच पाठात बुजतो आणि आपल्यालाच अक्कल नाही असे समजून बाजूला होतो. अक्कल असते. भाषेचा सराव नसतो.

मग करावे काय?

पालकहो, पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट वारंवार सांगतो. टपाल आले, रेडिओ आला, दूरदर्शन आले, उपग्रह आला, मोबाईल आला. प्रत्येक वेळी दार अधिक रुंद झाले. पण दारातून आत जाऊन शेवटपर्यंत बसले कोण? ज्यांना ठरलेली वेळ होती, सोबत होती आणि विचारणारे माणूस होते ते. तेव्हा माझ्या काही सूचना आहेत.

पहिली, मोबाईलला महाविद्यालयाच्या जागी बसवू नका, त्याच्या जोडीला बसवा. मान्यताप्राप्त पदवी आणि इंटरनेटवरचे प्रमाणपत्र यांचे मोल नोकरीच्या बाजारात आजही सारखे नाही. ज्याला परिस्थितीमुळे महाविद्यालयात जाणे अशक्यच आहे त्याने मुक्त विद्यापीठात रीतसर नाव घालावे. तेथे पुस्तक, केंद्र, परीक्षा आणि पदवी या चारही गोष्टी आहेत.

दुसरी, अभ्यासक्रम निवडताना तीन प्रश्न विचारा. शिकविणारी संस्था कोणती? प्रमाणपत्राची फी किती आणि ती केव्हा भरावी लागेल? आपले विद्यापीठ त्याचे श्रेयांक धरते का? जाहिरात पाहून पैसे भरू नका.

तिसरी, विद्यार्थी मित्रांनो, एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्या आणि किमान दोन सोबती बरोबर घ्या. पाठ पाहताना वही उघडी ठेवा. नुसते पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. ते दुसऱ्याला पोहताना पाहण्यासारखे आहे.

चौथी, घरात मुलगी असेल तर फोनचा एक तास तिच्या नावाने ठरवून द्या आणि तो तास तिच्याकडून कोणी घेणार नाही एवढे पाहा.

पाचवी सूचना संस्थेच्या कार्यकारिणीस नम्रपणे करतो. आपल्या वाचनालयात संगणक आहेत आणि संध्याकाळी ते झाकून ठेवलेले असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालय उघडे ठेवावे, एका शिक्षकाने रजिस्टर घेऊन बसावे आणि परीक्षेची फी ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी छोटासा निधी काढावा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवता आली तर फारच उत्तम. रजिस्टर घेऊन बसण्याचे काम करण्यास मी तयार आहे.

राहता राहिला तो मुलगा. त्याच्या वडिलांनी शेवटी त्याला महाविद्यालयात घातले. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ते पुन्हा आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या भरवशावर पैसे भरले आहेत." तो मुलगा सकाळी महाविद्यालयात जातो, दुपारी दुकानावर बसतो आणि रात्री एका मित्राबरोबर मोबाईलवर गणिताचे पाठ पाहतो. गेल्या महिन्यात दोन आठवडे तो मला दिसला नाही. मी दुकानावर फोन केला.